तेवीस-चोवीस हजर

जानेवारी लागला की सकाळच्या वाऱ्याला मला भाजलेल्या हुरड्याचा वास येतो. खरं तर येत नसणार. माझ्या घरापासून हर्सूलच्या रानापर्यंत आता एवढी वस्ती झालीय, की वासाला यायला वाटच राहिलेली नाही. तरी मी मफलर गुंडाळून गॅलरीत उभा राहतो आणि तो येतो. आगटीतल्या गोवऱ्यांचा धूर, करपलेलं कणीस, तळहातावर चोळलेले गरम हिरवे दाणे. त्या वासाच्या पाठोपाठ पोटात गोळा येतो. चाळीस वर्षं झाली, ते दोघं एकमेकांना सोडत नाहीत.

माझ्या बायकोला, मंगलला, हे पाठ झालंय. चहा ठेवता ठेवता ती विचारते, आली का तुमची परीक्षा? या वयात कसली परीक्षा. पण तिचा शब्द चुकीचा म्हणता येत नाही.

आमच्या सैनिकी महाविद्यालयाचा अंक माघात निघतो. मोबाइलच्या काळातही तो छापतात, पोस्टानं पाठवतात, आणि म्हातारे होत चाललेले आम्ही लोक तो मागच्या बाजूनं उघडतो. मागच्या पानांवर बातम्या असतात. कोण कुठल्या हुद्द्याला पोचला, कुणाला पदक मिळालं, कुणाची मुलगी वैमानिक झाली. प्रत्येक तुकडीच्या बातम्या गोळा करणारा एक माणूस असतो. आमच्या तुकडीचा माणूस मी. नेमणूक कुणी केली नाही. बाकीचे सीमेवर, बोटीवर, विमानतळावर. दर दोन-तीन वर्षांनी बदली. पत्ता न बदलणारा मी एकटा. चितेगावच्या कारखान्यात टाइम ऑफिसला होतो, कामगारांची हजेरी बघायचो. तर कुणीतरी म्हणालं, तुकडीची हजेरी पण तूच घे की. सगळे हसले, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं ते आजतागायत.

आम्ही एकमेकांना अजून नंबरानंच हाक मारतो. अकरा मेजर जनरल होऊन निवृत्त झाला, पण आम्हाला तो अकराच. त्याचा मजकूर दरवर्षी दीड पान असतो आणि पाठवून झाल्यावर तो फोन करून विचारतो, पदकांची नावं ठळक येतील ना. सातनं डोंगरी भागात शाळा काढली. एकोणतीस साठी उलटल्यावर सायकलनं लडाखला जाऊन आला आणि फोटो असा पाठवला, की त्यात सायकल जास्त आणि तो कमी. हे सगळं मी नंबराप्रमाणं लावतो, शुद्धलेखन बघतो आणि छापखान्याला देतो. वाचताना छाती भरून येते. माझ्या खोलीतली पोरं होती ही.

माझा नंबर तेवीस. माझ्यापुढं मी दरवर्षी एकच ओळ लिहीत आलो: चितेगाव, सर्व ठीक. हे मी कुरकुरीनं सांगत नाही. पैठण तालुक्यातल्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील सही करायचे, ती तीन अक्षरांची, आणि करून झाली की दम घ्यायचे. मी बी.एस्सी. झालो तेव्हा आईनं पदवीचा कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. "तीन वर्षांचं एवढंच दिलं?" म्हणाली. मग तो बियाण्याच्या डब्यात ठेवला, कारण घरातली सगळ्यात कोरडी जागा ती. आज तो माझ्या भिंतीवर आहे आणि त्याच्या कोपऱ्याला बियाण्याला लावायच्या पावडरीचा डाग आहे. फ्रेम करणाऱ्यानं डाग कापून टाकू का विचारलं होतं. मी नको म्हणालो. अधिकारी झालो नाही, ती गोष्ट वेगळी. पदवी माझी आहे.

अधिकारी कसा झालो नाही, ते त्या हिवाळ्यात ठरलं. शेवटच्या वर्षाचा हिवाळा. लेखी निकाल लागले होते, मुलाखती उरकल्या होत्या, वैद्यकीय तपासणी तेवढी राहिली होती. बराकीत मोठ्यानं कुणी हसत नव्हतं. पोस्टमनची सायकल फाटकात वाजली की बेचाळीस माना एकदम वळायच्या. पाणी एवढं गार, की दाढी करताना आपलाच गाल परक्याचा वाटायचा. जेवणात भाकरी मोडायची ती सुद्धा सगळे हळू मोडायचे, जणू आवाज झाला तर निकाल बिघडेल.

पहाटे मैदानावर हजेरी. आमच्या हजेरीची पद्धत मी दुसरीकडं कुठं बघितली नाही. नंबर जोडीनं लावलेले, एक-दोन, तीन-चार असे. ओरडायचं फक्त पहिल्यानं, दोघांच्या वतीनं. मी म्हणायचो, तेवीस-चोवीस हजर, आणि माझ्या डाव्या हाताला उभा असलेला चोवीस, म्हणजे दिगंबर, नुसती टाच आपटायचा. ही पद्धत आमच्या उस्तादांची. निवृत्त सुभेदार, उत्तरेकडचे, पांढऱ्या मिशा, आवाज पिठाच्या गिरणीसारखा. त्यांचं म्हणणं, स्वतःची हजेरी कुणीही देतो, दुसऱ्याची देता आली पाहिजे. पळायचंही जोडीनंच, हर्सूल तलावाच्या कडेकडेनं. घड्याळ थांबवायचं ते मागचा आल्यावर. पुढच्यानं कितीही आधी येऊन उपयोग नाही. त्यानं रेषेवर उभं राहून मागच्याची वाट बघायची.

मागचा म्हणजे दिगंबर. फर्दापूरच्या पलीकडच्या खेड्यातला, अंगानं खोंडासारखा आणि पळायला बैलगाडीसारखा. मी रेषेवर उभा राहून घाम वाळेपर्यंत रस्त्याकडं बघत बसायचो. मग तो यायचा, गुडघ्यांवर हात टेकून वाकायचा आणि खालूनच मला म्हणायचा, "एवढ्या लवकर येऊन करतोस काय रं तू इथं?"

एका सकाळी माझ्या डाव्या हाताला कुणी नव्हतं. तो कुठं गेलाय ते मला माहीत होतं. तपासणीच्या आधी अंगातला जडपणा काढायचा म्हणून आठ दिवस तो सगळ्यांच्या आधी उठून एकटाच तलावावर पळायला जायचा आणि हजेरीपर्यंत परतायचा. त्या दिवशी उशीर झाला असेल, येईल आत्ता, असं मी धरून चाललो. धुकं दाट होतं. नंबर जवळ आले. एकवीस-बावीस हजर. मी ओरडलो, तेवीस-चोवीस हजर. आणि टाच दोनदा आपटली, एकदा माझी, एकदा त्याच्या नावाची.

दिगंबर दीड तास तलावाकडच्या चरात पडून होता. घोटा पार मुरगळला होता, उठता येत नव्हतं. हाका मारून मारून त्याचा घसा बसला. शेवटी ज्वारी राखणाऱ्या एका म्हातारीनं त्याला बघितलं, ओढत आगटीपाशी नेलं आणि भाजलेला हुरडा त्याच्या ओंजळीत घातला. आम्ही शोधत पोचलो तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि दाणे चावायला त्याचे दात एकावर एक बसत नव्हते. म्हातारीनं आम्हा सगळ्यांनाही हुरडा दिला. मी घेतला. गिळला गेला नाही. तो वास तेव्हापासूनचा.

उस्ताद आता काय शिक्षा देतात म्हणून मी ताठ उभा राहिलो. त्यांनी दिली नाही. माझ्याकडं बघत हळूच विचारलं, "तूने हाज़िर बोल दिया, तो अब ढूँढेगा कौन?"

घोट्याची सूज उतरली आणि दिगंबर तपासणीत पास झाला. मी झालो नाही. ठिपक्यांचं एक पुस्तक असतं, रंगीत ठिपक्यांत आकडा लपवलेला. डॉक्टर पान उलटत होते आणि मला ठिपकेच दिसत होते. लाल मिरची आणि हिरवी मिरची लोकांना लांबूनच वेगळी दिसते, हे मला एकविसाव्या वर्षी कळलं. मला वाटायचं, सगळेच हातात घेऊन बघतात. बाहेर दिगंबर अजून थोडा लंगडत येरझाऱ्या घालत होता. त्याच्या पिशवीत पेढे होते. त्यानं ते बाहेर काढले नाहीत.

"काय आकडा होता रे त्यात?" मी विचारलं.

"बघितला नाय मी," तो म्हणाला.

आकडा बघितल्याशिवाय पास कसा होईल माणूस? पण त्या खोट्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

तो तोफखान्यात गेला. महिन्या-दोन महिन्यांनी कार्ड यायचं. "थंडी आहे. मी आहे. चोवीस." एवढंच. लग्न झाल्यावर कार्डांची पत्रं झाली, कारण ती शैला वहिनी लिहू लागल्या. तिरकं, घाईचं अक्षर. भावजी अशी सुरुवात आणि मग कुठं बदली झाली, पोरगा किती उंच झाला, यांनी बागेत लावलेलं एकही झाड कसं जगत नाही. अंकासाठीची बातमीही पुढं त्याच पाठवायच्या. दिगंबर कर्नल होऊन निवृत्त झाला, मुलगा पुण्यात राहिला, आणि ही दोघं गावी आली, त्या वर्षीच्या पत्रात वहिनींनी लिहिलं होतं, "तोफांनी यांचे कान नेले भावजी. फोनवर बोलणं होत नाही, म्हणून फोन माझ्याकडेच असतो. तुमच्या ग्रुपवरचं मीच वाचते आणि यांना खुणेनं सांगते. हे सांगायला यांना लाज वाटते, म्हणून मी सांगते आहे."

मी छापलं ते असं: कर्नल पदावरून निवृत्त, गावी स्थायिक. कान गाळले. ती पानं कर्तबगारीची. तिथं कान कुठं बसवायचे?

दोन वर्षांपूर्वी चोवीसचा मजकूर आला नाही. छापखान्याची घाई होती. मी लिहिलं, "गावी शेतीत मग्न. सर्व कुशल." खोटं लिहितोय असं वाटलंही नाही. गाव आहे, शेती आहे. मागच्या वर्षीही आला नाही. तेच वाक्य परत कसं टाकायचं म्हणून थोडं खुलवून लिहिलं: "सपत्नीक गावी. शेतीत रमले आहेत. प्रकृती उत्तम."

यंदा सदतीस जणांचं आलं. अकरानं ठळक अक्षरांसाठी दोनदा फोन केला. चोवीसचं नाही. सकाळी गॅलरीत उभा राहून मी मोबाइल काढला आणि चार दिवसांपूर्वी त्याला पाठवलेला निरोप बघितला. एकच टिक. पोचलाच नव्हता. डोंगरातलं गाव आहे, रेंज नसेल, असं म्हणत सहज बोट वर सरकवलं. मागच्या जानेवारीतला माझा निरोप. एक टिक. दिवाळीच्या शुभेच्छा. एक टिक. त्याच्या आधीच्या जानेवारीतला. एक टिक. दोन वर्षांत माझा एक शब्द तिकडं पोचला नव्हता, आणि मी वर बघितलं सुद्धा नव्हतं. फोन लावला तर नंबर अस्तित्वातच नाही म्हणाला.

मग आठवलं. फोन वहिनींकडं असतो.

सातला फोन केला. तो हसून म्हणाला, अरे मजेत आहे तो, शेतीत रमलाय, तूच तर लिहिलंस. एकोणतीस म्हणाला, प्रकृती उत्तम आहे त्याची, अंकात वाचलं मी. त्यानं माझंच वाक्य मला शब्द न चुकवता म्हणून दाखवलं. अकरा जनरल असल्यामुळं त्यानं सरळ प्रश्न विचारला, ही माहिती तुला कुणी दिली होती? मी म्हणालो, नंतर करतो फोन. मोबाइल कठड्यावर ठेवला.

सदतीस माणसं. त्यातल्या एकालाही काळजी वाटली नव्हती, कारण मी हजर म्हणालो होतो.

मंगलनं पिशवीत भाकरी बांधून दिली. मी अजून उद्या जातो, परवा जातो करत होतो. ती म्हणाली, "इथं बसून त्या फोनकडं बघून काय होणारंय? जाऊन उभं राहा ना माणसापुढं."

एसटी हर्सूलवरून गेली. तलाव खिडकीच्या डाव्या बाजूला की उजव्या, हे मला इतक्या वर्षांनीही शोधावं लागलं नाही. आता त्या कडेनं भिंती आहेत, मंगल कार्यालयाच्या पाट्या आहेत. चर कुठला ते ओळखू येत नाही. फुलंब्रीच्या पुढं रान मोकळं झालं. सिल्लोडपर्यंत मक्याची धाटं, मधेमधे ज्वारी, आणि जिथं ज्वारी तिथं हुरड्याची पाटी. खिडकी लावून घेतली तरी धूर आत येत होता. पाखरं पिकावर बसावीत तशी वाक्यं डोक्यात बसत होती. हाकलली की उडायची आणि पुन्हा तिथंच यायची. प्रकृती उत्तम. प्रकृती उत्तम. बाजूच्या बाई मोसंबी सोलत होत्या. त्यांनी दोन फोडी माझ्यापुढं धरल्या आणि विचारलं, दवाखान्याला चाललात का? माझा चेहरा तसा झाला असावा.

फर्दापूरला उतरलो. फाट्यावर चहाची टपरी. जिवंत आहेत का, असं विचारता येत नाही कुणाला. मी चहा सांगितला, अर्धा प्यालो आणि मग म्हणालो, कर्नलसाहेब घरीच असतात ना?

"असतात की. कुठं जातेत?" टपरीवाला म्हणाला. "पण लांबून हाक मारू नका, ऐकू येत नाय त्यांना. समोर जाऊन उभं ऱ्हावा."

माझे खांदे खाली आले. उरलेला चहा गोड लागला. तेवढ्यात तो फडका मारता मारता म्हणाला, "बाई व्हत्या तवा लई बरं व्हतं. त्या गेल्या अन् साहेब एकटे पडले. तीन पोळे झाले की आता."

तीन पोळे. मी बोटांवर मोजलं. टाइम ऑफिसात आयुष्य गेलेला माणूस, तरी तीनदा मोजलं. पोळा आधी, जानेवारी नंतर. म्हणजे माझी दोन्ही वाक्यं वहिनी गेल्यानंतरची. पहिलं एक वेळ चालेल. पण दुसऱ्यातला पहिलाच शब्द, सपत्नीक. तो कुणी मला सांगितला नव्हता, मागितला नव्हता. वाक्य भरल्यासारखं दिसावं म्हणून मी घातला होता. आणि अंक पोस्टानं घरी येतो.

रिक्षा गावाच्या तोंडाशी सोडून गेली. तिथून शेतापर्यंत चाललो. परत फिरावं असं दोनदा मनात आलं. माणूस आहे, एवढं तर कळलंय. पत्र पाठवता येईल. पण पाय चालत राहिले, आणि ज्वारीच्या मधोमध उंच माचाणावर तो दिसला. खांदे अजून रुंद, डोक्यावर फौजेतली जुनी टोपी, हातात गोफण. त्याची पाठ माझ्याकडं होती. चिमण्यांचा एक थवा त्याच्या मागच्या बाजूला खुशाल कणसं टिपत होता आणि त्याला पत्ता नव्हता. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. बांधावरून लांब वळसा घालून त्याच्या समोर गेलो आणि उभा राहिलो.

त्यानं हातातली गोफण खाली ठेवली. मग एकेक पायरी चाचपत उतरला, जवळ आला आणि आख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तेवीस." मला नीट न्याहाळलं. "यंदा मागं तू राह्यलास व्हय."

मला माफी मागायची होती. पण त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. शेजारच्या रानात बायका कापूस वेचत होत्या. बायको गेलेल्या माणसाला, चुकलो रे, असं चार रानांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं कसं म्हणायचं? मी बातम्यांची वही काढली आणि लिहिलं, "वहिनींचं मला आज कळलं. फाट्यावर. मी ते सपत्नीक लिहिलं, ते मनाचं लिहिलं. मला क्षमा कर." वही त्याच्या हातात दिली आणि मान खाली घातली. लहानपणी गुरुजी पाटी तपासायचे तेव्हा असंच वाटायचं.

तो वाचून वळला. शेतातल्या खोलीत गेला आणि मागच्या वर्षीचा अंक घेऊन आला. तो आपोआप त्या पानावर उघडला. इतक्या वेळा उघडला होता.

"आठ दिवस लई राग आला तुझा," तो म्हणाला. आवाज तसाच मोठा. कापूस वेचणाऱ्या बायका वाकूनच राहिल्या. "म्हनलं ह्याला काय मस्करी वाटती का. पुण्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस व्हती ती. तिकडंच सगळं केलं. तिचा फोन पोरानं बंद केला. मग कागद सुरू झाले. पेन्शनच्या कागदावरून तिचं नाव काढा. रेशनच्या काढा. गॅसच्या काढा. जिथं तिथं सह्या केल्या मी. अन् एक दिवस तुझा अंक आला." त्यानं त्या शब्दावर बोट ठेवलं. "एवढ्या एका कागदावर ती ऱ्हायली व्हती. म्हनलं असू दे."

मी वहीत लिहिलं, "मला कळवायचं होतंस."

"कुठं कळवू? तुझ्या पानावर?" तो म्हणाला. रागानं नव्हे. "तिथं तर पदकं असतेत, गड्या."

त्यानं आगटी पेटवली. मला बसवलं, कणसं राखेत सारली, बाहेर काढून फडक्यावर चोळली आणि ओंजळभर हुरडा माझ्या हातात ओतला. माझ्या गालाकडं बघून, धूर आहे, एवढंच म्हणाला. मी खाल्ला. या वेळी गिळला गेला. मग त्यानं शेतीत रमण्याबद्दल मला बरंच ऐकवलं. शेती वाट्यानं दिलेली आहे. तो फक्त पाखरं राखतो, ती सुद्धा निम्मी, कारण पाठीमागची त्याला ऐकू येत नाहीत. "उत्तम प्रकृती म्हणं," असं म्हणून तो एवढा हसला, की थवा खरंच उडाला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा त्यानं माझी वही माझ्या मांडीवर ठेवली आणि बोट टेकवलं. "लिही. पन यंदा माझं मला सांगू दे." मी पेन काढलं. तो थांबत थांबत सांगत गेला आणि मी एकही शब्द इकडचा तिकडं केला नाही.

चोवीस. पत्नी शैला वारली. कान गेले. ज्वारी राखतो. फोन नाही. भेटायचं असेल त्यानं येऊन समोर उभं राहावं.

घरी आल्यावर ते तसंच ग्रुपवर टाकलं. सगळे काही ना काही टाकत असतात, फुलं, सलाम, जोडलेले हात. त्या संध्याकाळी कुणी काहीच टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराचा निरोप आला: माझा मजकूर परत पाठव, काही ओळी काढायच्या आहेत आणि एक घालायची आहे. कुठली ते मी विचारलं नाही.

छापखान्याला चार दिवस थांबायला सांगितलंय. ते कुरकुरले. मंगलनं माळ्यावरचे जुने अंक काढून दिले आणि मी जेवणाच्या टेबलावर ते पसरून बसलो आहे. प्रत्येकाची लिहायची तऱ्हा मला पाठ आहे. एकोणतीसच्या वाक्यात चढ-उतार असतात, सात नेहमी आपण म्हणतो, मी म्हणत नाही. आणि 'सर्व कुशल' हे आमच्या तुकडीत फक्त मी लिहितो. मजकूर आला नाही, की मी लिहितो. तिसऱ्याच ओळीला गाठलं मी स्वतःला. मग लाल पेन घेतलं, ते लाल आहे असं मंगल म्हणाली, आणि खुणा करत गेलो. गेल्या पाच वर्षांत सात जणांना मी कुशल करून ठेवलंय. यंदा त्यांचा मजकूर आला असला, तरी त्यातल्या दोघांचा एका शब्दाचा आहे: ठीक. माझ्यासारखाच.

गॅलरीत आलो. वारा हर्सूलकडूनच आहे. वास येतोय आणि पोटातला गोळाही जागेवर आहे. तो आता जाईल असं मला वाटत नाही आणि जावा अशी इच्छाही नाही. खुणा केलेल्यांतला पहिला नंबर नऊ. कधीकाळी नऊ-दहा हजर म्हणायचा तो, पुढच्या रांगेत, घोगऱ्या आवाजात. फोन लावलाय. पाय जुळवून, रेषेवर उभं राहावं तसा उभा आहे.

रिंग जाते आहे.